सत्य सांगून कोण सुटले? ‘लाँग शॉट’ आणि अमेरिकेचा इतिहास (धागा)

१/ जोनाथन लेव्हिन दिग्दर्शित ‘लाँग शॉट’ (२०१९) हा विनोदी प्रेमपट अनेकांना पुरोगामी वाटतो. नायिका अमेरिकेची परराष्ट्रमंत्री, नायक नोकरी सोडलेला गबाळा पत्रकार, आणि शेवटी दोघांचे स्थान व्हाइट हाउसमध्ये. परंतु ज्या प्रसंगावर हा चित्रपट टाळ्या मिळवतो, तोच प्रसंग अमेरिकेच्या इतिहासाशी सर्वांत अप्रामाणिक आहे.

२/ प्रसंग असा : शार्लट फील्ड (चार्लीझ थेरॉन) राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या उंबरठ्यावर आहे. प्रियकर फ्रेड (सेठ रोगन) याची एक लाजिरवाणी खासगी चित्रफीत विरोधकांच्या हाती लागते. पर्यावरणाचा कार्यक्रम पातळ कर, नाहीतर ती जगजाहीर होईल, अशी धमकी तिला मिळते. शार्लट भर सभेत सारे सांगून टाकते, प्रेमाचीही कबुली देते, आणि निवडणूक जिंकते.

३/ म्हणजे सिद्धान्त असा, की खरे बोला, जनता क्षमा करते. हा सिद्धान्त पूर्णतः काल्पनिक नाही. अमेरिकेत तो खरा ठरला आहे. मात्र कोणासाठी खरा ठरला, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो विचारलाच पाहिजे.

४/ १८८४. डेमोक्रॅटिक उमेदवार ग्रोव्हर क्लीव्हलंड यांना मारिया हॅल्पिन या स्त्रीपासून विवाहबाह्य अपत्य असल्याची बातमी बफलोच्या वृत्तपत्राने छापली. क्लीव्हलंड यांनी समर्थकांना तारेने कळवले, की जे खरे असेल ते सांगा. या सरळपणाचे कौतुक झाले. निर्णायक न्यूयॉर्क राज्य त्यांनी हजार-बाराशे मतांनी जिंकले आणि ते राष्ट्राध्यक्ष झाले.

५/ आणि मारिया? तिचे मूल अनाथालयात गेले होते, तिला स्वतःला मनोरुग्णालयात धाडले गेले होते. ऑक्टोबर १८८४ मध्ये तिने प्रतिज्ञापत्रावर सांगितले, की झाले ते बळजबरीने झाले. सत्य तिनेही सांगितले होते. उमेदवाराचे सत्य प्रामाणिकपणा म्हणून गौरवले गेले. तिचे सत्य प्रचाराच्या धुरळ्यात विरले.

६/ पुढे २ जून १८८६ रोजी ४९ वर्षांच्या क्लीव्हलंड यांनी २१ वर्षांच्या फ्रान्सिस फॉल्सम हिच्याशी व्हाइट हाउसमध्येच विवाह केला. ती त्यांच्या दिवंगत वकील-मित्राची मुलगी. तिला त्यांनी पाळण्यात असल्यापासून पाहिलेले. याहून विजोड जोडी पटकथाकारालाही सुचू नये! देश मात्र या विवाहाने हरखून गेला.

७/ आता बारा वर्षे मागे, १८७२. स्त्रियांना देशव्यापी मताधिकार मिळण्यास अजून ४८ वर्षे होती, तेव्हा व्हिक्टोरिया वुडहल राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहिली. विवाह, घटस्फोट आणि प्रेम ही स्त्रीची स्वतःची निवड आहे, असे ती उघड म्हणे. त्याच वर्षी प्रख्यात व्यंगचित्रकार टॉमस नास्ट याने तिला सैतानीण म्हणून रंगवले.

८/ निवडणुकीच्या तोंडावर वुडहलने आपल्या साप्ताहिकात लोकप्रिय धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर आणि एलिझाबेथ टिल्टन या विवाहितेचे संबंध उघड केले. २ नोव्हेंबरला टपालातून अश्लील मजकूर पाठवल्याच्या आरोपाखाली तिला अटक झाली. मतदान ५ नोव्हेंबरला झाले. उमेदवार त्या दिवशी तुरुंगात होती.

९/ बीचर यांच्यावर १८७५ मध्ये दिवाणी खटला चालला. ज्यूरीचे एकमत झाले नाही. १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचे व्यासपीठ अबाधित राहिले. एलिझाबेथने १८७८ मध्ये संबंधांची जाहीर कबुली दिली, तेव्हा त्याच चर्चने तिला बहिष्कृत केले. आणि १८८४ मध्ये क्लीव्हलंड यांच्या बाजूने प्रचारात उतरलेल्यांत हेच बीचर होते.

१०/ हे सारे जुने झाले, असे कोणी म्हणेल. मग २०१६ पाहावे. ७ ऑक्टोबरला पुरुष उमेदवाराची स्त्रियांविषयीच्या हीन बोलण्याची ध्वनिचित्रफीत उघड झाली. दोनच दिवसांनी, ९ ऑक्टोबरच्या वादसभेत, हिलरी क्लिंटन यांना पतीच्या वर्तनावरून घेरण्यात आले. पतीवर आरोप करणाऱ्या स्त्रिया प्रेक्षकांत आणून बसवल्या होत्या. चित्रफितीतील पुरुष महिन्याभराने निवडून आला.

११/ या घटनेनंतर तीनच वर्षांनी ‘लाँग शॉट’ आला. त्यातही चित्रफीत पुरुषाचीच आहे आणि तिचा जाब स्त्रीलाच द्यावा लागतो. या अन्यायावर पटकथा क्षणभरही थांबत नाही. ती त्यालाच प्रेमाची कसोटी म्हणते. चित्रफीत शार्लटची असती, तर शेवट गोड करता आला असता का? पटकथेने ती जोखीम घेतलीच नाही.

१२/ “विनोदी चित्रपटच तो, एवढे काय?” हा आक्षेप ठरलेला. पण याच चित्रपटात सल्लागार शार्लटच्या हात हलवण्याच्या लकबीलाही गुण देतात. स्त्री-नेत्याला कोणत्या तराजूत तोलतात, हे पटकथेला नेमके ठाऊक आहे, आणि ते दृश्य चांगले जमलेही आहे. म्हणूनच ऐन मोक्याच्या क्षणी तो तराजू गुपचूप बाजूला ठेवणे हे अज्ञान ठरत नाही, पळवाट ठरते.

१३/ चित्रपट जरूर पाहावा, मनसोक्त हसावे. मात्र शेवटच्या टाळ्यांच्या वेळी तीन स्त्रिया आठवाव्यात : प्रतिज्ञापत्र लिहिणारी मारिया, मतदानाच्या दिवशी कोठडीत असलेली व्हिक्टोरिया आणि कबुलीनंतर चर्चबाहेर काढलेली एलिझाबेथ. तिघींनीही शार्लटने केले तेच केले होते. त्यांच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

(समाप्त)