स्पोर्ट्स कार घेताय? आधी हादऱ्यांचा हिशेब करा

स्पोर्ट्स कार घ्यायची ठरली की घरात रंग आणि वेग यांचीच चर्चा होते. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याच्या कमरेची आठवण मात्र गाडी दारात आल्यावर होते. म्हणून साधे सस्पेन्शन घ्यायचे की जादा पैसे मोजून अ‍ॅडॅप्टिव्ह, हे आधीच ठरवा.

साध्या सस्पेन्शनमध्ये शॉक अ‍ॅब्सॉर्बरच्या आतले तेल ठरावीक छिद्रांतून ये-जा करते. तो किती कडक असावा, हे कारखान्यातच ठरते. अ‍ॅडॅप्टिव्हमध्ये सेन्सर चाकांची हालचाल टिपतात आणि संगणक क्षणार्धात आतला व्हॉल्व्ह कमी-जास्त उघडतो. त्यामुळे गाडी खड्ड्यांवर मऊ राहते, वळणावर कडक होते. २००३ च्या शेव्हरोले कॉर्व्हेटसाठी मिळणाऱ्या अशा शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तर लोहकण मिसळलेले तेल होते. वीज सोडताच चुंबकामुळे ते घट्ट होई.

मग अ‍ॅडॅप्टिव्ह घेतले की हादरे संपले? तसे नाही. बदलतो तो फक्त शॉक अ‍ॅब्सॉर्बर, टायर तेच राहतात. २०१६ साली आलेल्या पोर्श ७१८ केमनमध्ये अ‍ॅडॅप्टिव्ह सस्पेन्शन घेतले, तर गाडी १० मिलिमीटर खाली बसे. आपल्याकडच्या गतिरोधकांवर तेवढाही फरक जाणवतो.

टायरवरचे आकडेही वाचा. २३५/४५ टायरच्या कडेची उंची सुमारे १०६ मिलिमीटर, तर २३५/३५ ची अवघी ८२. मोठी चाके दिसतात झोकदार, पण रबराची २४ मिलिमीटरची गादी जाते. आराम हवा असेल तर आधी लहान चाके मागा. त्यात खर्चही कमी.

जुनी गाडी घेत असाल, तर अ‍ॅडॅप्टिव्हचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर गळत नाहीत ना, हे मेकॅनिककडून तपासून घ्या. ते साध्यापेक्षा बरेच महाग असतात आणि एक खराब झाला तरी सहसा जोडीने बदलावे लागतात.

गाडी नवी, वॉरंटीतली आणि रोज शहर व महामार्ग दोन्हीकडे चालणारी असेल, तर अ‍ॅडॅप्टिव्हचे पैसे वसूल होतात. वॉरंटी संपलेल्या गाडीला साधे सस्पेन्शन आणि लहान चाके बरी. पैसे भरण्यापूर्वी मात्र दोन्ही गाड्या रोजच्या खराब रस्त्यावरून चालवून पाहा आणि शेजारच्या सीटवर घरच्यांना बसवा. त्यांचे मत सेल्समनपेक्षा जास्त खरे असते.