चिलखत बेतायचं असतं

मागे एका महाविद्यालयाच्या महोत्सवात वेशभूषा स्पर्धेचा परीक्षक म्हणून गेलो होतो. रांगेत एक मुलगा ‘स्टार वॉर्स’मधल्या पांढऱ्या स्टॉर्मट्रूपरच्या वेशात होता. बाकीचे जिन्याच्या पायऱ्यांवर बसून वडापाव खात होते, हा भिंतीला पाठ लावून उभा. म्हटलं, “बस ना जरा.” हेल्मेट काखेत धरून तो म्हणाला, “बसता येत नाही काका. बसलो की मांडीचं कवच वर सरकून पोटात घुसतं.” सकाळपासून पाणीही प्यायला नव्हता. बाथरूमला जायचं तर कंबरेपासूनचं सगळं सोडवायला एक मित्र आणि वीस मिनिटं लागत होती.

काम वाईट नव्हतं. फोमच्या कडा स्वच्छ, रंग एकसारखा. दोन महिने घराच्या हॉलमध्ये पसारा मांडून, आईची बोलणी खाऊन त्याने एकट्याने ते केलं होतं. पहिलं हेल्मेट डोक्यात गेलंच नाही. उतरवून घेतलेला नमुना प्रिंटरने ‘पानात बसवा’ या सोयीने लहान केला होता, आणि हे कळलं शेवटचा तुकडा चिकटवल्यावर. म्हणून दुसरं मोठं केलं. ते डुगडुगतं म्हणून आत मोजे कोंबले. मी त्याला दुसरा क्रमांक दिला. पहिला का नाही, हे त्याला नीट समजावायला त्या गडबडीत जमलं नाही, म्हणून हे संपादकीय.

आपल्या मासिकाचा वाचक म्हणजे नाटकाचे कपडेवाले, मुखवटेवाले, मखरवाले, गॅदरिंगला भाड्याने पोशाख देणारे. गेल्या काही वर्षांत आपल्या दुकानांच्या पायरीवर ही नवी मुलं दिसू लागली आहेत. कुणाला आयर्न मॅन व्हायचंय, कुणाला ‘हेलो’ या खेळातला मास्टर चीफ. मोबाइलवर चित्र दाखवतात आणि विचारतात, “फोम कुठला घेऊ?” आपण फोम सांगतो. माझ्या मते चूक इथेच होते, आणि ती आपली असते. फोमच्या आधी विचारायचं असतं, “तुझी मापं घेतलीस का? उभ्याने घेतलीस की बसून?”

स्टॉर्मट्रूपरच्या या पांढऱ्या हेल्मेटवर इंग्लंडमध्ये एक खटला झाला होता. अँड्र्यू एन्सवर्थ या कारागिराने १९७६ साली पहिल्या चित्रपटासाठी ही हेल्मेटं व्हॅक्यूम फॉर्मिंगने, म्हणजे तापवलेला प्लॅस्टिकचा पत्रा साच्यावर हवेने ओढून, तयार केली. पुढे तो त्याच साच्यांवरून प्रतिकृती विकू लागला, तेव्हा ‘स्टार वॉर्स’ बनवणाऱ्या लुकासफिल्म कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. प्रश्न असा होता, की हे हेल्मेट शिल्प आहे का? शिल्प असेल तर कॉपीराइट कलावंताच्या मृत्यूनंतरही ७० वर्षं. नसेल तर खूपच कमी. जुलै २०११मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, शिल्प नाही. चित्रपटासाठी वापरायची ती एक वस्तू आहे, पोशाखाचा भाग आहे. (लुकासफिल्म सगळीकडे हरली असं नाही. अमेरिकी कॉपीराइटचा दावा ब्रिटिश कोर्टात चालू शकतो, हा मुद्दा ती जिंकली. आणि हा निकाल तिथला आहे. त्याच्या भरवशावर इथे कुणी दुकान मांडू नये.)

वकिलांचं जे असेल ते असो, आपल्या धंद्यासाठी न्यायमूर्तींनी नेमक्या जागी बोट ठेवलं. नवशिका शिल्प करायला बसतो. समोरून, बाजूने, फोटोत कसं दिसेल एवढंच पाहतो. अंगावर घालायच्या वस्तूला आत एक माणूस असतो. त्याला हात वर करायचा असतो, जिना चढायचा असतो, घाम येतो. खुद्द १९७७च्या त्या चित्रपटात एक ट्रूपर दारातून आत येताना वरच्या चौकटीवर डोकं आपटतो आणि ते दृश्य तसंच राहिलं आहे. ज्या चित्रपटाच्या वेशभूषेला ऑस्कर मिळालं, तिथे ही गत. माझीही वेगळी नव्हती. बालनाट्यातला माझा पहिला यंत्रमानव पुठ्ठ्याचा होता, वर चंदेरी कागद. रंगीत तालमीला त्याला सलाम ठोकायचा होता आणि हात छातीच्या वर जाईना. मुंढाच ठेवला नव्हता मी. शेवटी विंगेत ब्लेडने काखेखाली अर्धचंद्र कापला.

तेव्हा पहिला धडा शिंप्याचा. जुना टी-शर्ट घालायला सांगा, वरून स्वयंपाकघरातली पातळ प्लॅस्टिकची फिल्म सैलसर गुंडाळा (छाती फुगवून श्वास घेता आला पाहिजे, आणि गळ्याभोवती अजिबात नको), त्यावर मास्किंग टेपचे दोन थर. आता मार्करने थेट अंगावर रेघा मारा: छातीचं कवच इथून इथपर्यंत, खांदा इथे संपतो, कंबर इथे वाकते. पाठीकडून कापून हे कवच सोडवलं की हातात येतो त्या माणसाचा स्वतःचा नमुना. तो टेबलावर सपाट पसरेना झाला की जिथे फुगतो तिथे चीर द्यायची. ती चीर म्हणजे टक. ब्लाउज शिवणाऱ्या कुठल्याही बाईला हे सांगावं लागत नाही. संगणकावर पेपाकुरा या जपानी सॉफ्टवेअरने त्रिमितीय आकार उलगडणारी मुलं मात्र टक शब्द ऐकून चमकतात, आणि गंमत अशी की ते सॉफ्टवेअर तेच करत असतं, फक्त कुण्या काल्पनिक सैनिकाच्या अंगासाठी.

मांडीचं माप खुर्चीवर बसवून घ्या. जांघेच्या घडीपासून गुडघ्यापर्यंत पुढून जेवढं अंतर भरतं, त्यातून चार बोटं वजा करा, आणि आतल्या बाजूची वरची कड आणखी उतरती कापा. कवच पायावर घट्ट आवळून टिकवू नका. कमरेच्या पट्ट्याला रुंद इलॅस्टिकने टांगा. बसताना ते खाली झुकतं, उठताना परत जागेवर येतं. त्या मुलाच्या पोटात जे घुसत होतं, त्याचा इलाज एवढाच होता.

आता फोम. नाव ईव्हीए, पण आपल्या ओळखीचा आहे. चपलांच्या तळव्यांत तो असतो, व्यायामाच्या कोड्यासारख्या जोडायच्या चटया त्याच्याच. महाराष्ट्रात २०१८मध्ये थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून मखरांतही फोमच्या शीट बऱ्याच दिसतात. (त्याला ‘इको-फ्रेंडली’ म्हणून विकणाऱ्यांनी तो मातीत किती दिवसांत विरघळतो ते एकदा गिऱ्हाइकाला सांगावं.) छाती-पाठीला १० मिलिमीटर, खांदा आणि मनगटाला ५ किंवा ६, वरच्या बारीक पट्ट्यांना २. कापताना कटरचं पातं दर थोड्या वेळाने मोडायचं. फोम मऊ असला तरी धार फार लवकर खातो, आणि बोथट पातं कापत नाही, ओरबाडतं. हीट गनने तापवला की त्याची भोकं मिटून पृष्ठभाग किंचित चकाकतो. तेवढ्याच क्षणात आकार द्यायचा. आमच्या खोलीत यासाठी एक पोचे पडलेली कळशी ठेवली आहे. गरम तुकडा तिच्या पोटावर दाबून धरला की खांद्याची गोलाई आयती मिळते.

जोडायला चांभाराचं सोल्यूशन किंवा सनमायकाचा फेविकॉल एसआर. दोन्ही बाजूंना लावायचं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच जोडायचं. नवशिका थांबत नाही, ओलं असतानाच दाबतो, मग सांधा सुटला की फोमला नावं ठेवतो.

आणि मास्क. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी कोरोनातला एन-९५ दाखवतो. एन-९५ धूळ अडवतो. सोल्यूशनची, स्प्रेची, रेझिनची वाफ त्यातून आरपार जाते. वाफेसाठी कार्बनच्या डब्या असलेला रेस्पिरेटर लागतो, नाहीतर काम गच्चीवर, वारा पाठीशी घेऊन करायचं. फोमऐवजी सनबोर्ड घेणार असाल, तर तो बहुधा पीव्हीसी असतो. तो तापवून वाकवायला गेलात तर निघणारा धूर फुप्फुसाला जाळणारा असतो. हॉलमध्ये, धाकटी बहीण शेजारी अभ्यास करत असताना तर नकोच.

रंगाबद्दल इथे थोडंच, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा त्यात हात बसलेला आहे. पाणी घातलेल्या पांढऱ्या फेविकॉलचे चार-पाच पातळ थर, मग ॲक्रिलिक. वाकणाऱ्या जागी लॅकर मारू नका, तडकतो. झीज दाखवायची तर हात जिथे लागतो, दार जिथे घासतं, तिथेच दाखवा. सगळीकडे सारखे चंदेरी ओरखडे मारलेलं चिलखत युद्धातून नव्हे, वाहतुकीतून आलेलं वाटतं.

हेल्मेट मी मुद्दाम शेवटी घेतलं. नवशिक्यानेही शेवटीच घ्यावं, आणि नेमकं तेच तो पहिल्यांदा करतो. डोक्याचा घेर मोजून आतल्या गादीची जाडी त्यात धरायची, हनुवटीखाली पट्टा द्यायचा, संगणकातला ४० मिलिमीटरचा छोटा पंखा पॉवर बँकेवर बसवायचा. जव्हार-मोखाड्याकडे बोहाड्यात कागदाच्या लगद्याचे मोठाले मुखवटे लावून माणसं नाचतात. मुखवटा डोक्यावर तोलायचा कसा, बघायला फट कुठे ठेवायची, यावर त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे, आणि आपल्या मासिकाने त्यांना आजवर एकही पान दिलेलं नाही.

हा दोष माझा. त्याहून मोठा दोष आपल्या सगळ्यांचा. अमेरिकेत १९९७मध्ये दोन मित्रांनी ‘५०१वी लीजन’ नावाचा हौशी ट्रूपरांचा गट सुरू केला. आज तो जगभर पसरला आहे. कुठल्या पोशाखाला कुठली पट्टी, किती रुंद, कुठे जोडलेली, हे त्यांनी तुकड्यातुकड्याने लिहून ठेवलं आहे. ती हौशी माणसं. आपण पोटासाठी हे करतो, आणि आपल्या पेटाऱ्यांत ऐतिहासिक नाटकांच्या चिलखतांचे कागद उंदीर कुरतडतायत. शिवाजी महाराज, तानाजी, बाजीप्रभू यांचे पोशाख करणाऱ्या आपल्या लोकांना माहीत असतं, की नटाला सहा मिनिटांची तलवारबाजी करता यावी म्हणून काखेखाली किती जागा सोडायची. हे कुठेही छापलेलं नाही. कारागीर गेला की ते माप त्याच्याबरोबर जातं. मग आपण त्या पोरांना हसतो, की ही सगळी डाउनलोड करून आणतात. आणतील नाही तर काय करतील!

म्हणून या अंकापासून मधल्या पानांवर दर महिन्याला एक कागदी नमुना पूर्ण आकारात देत आहोत. सुरुवात खांदा आणि मुंढ्यापासून, छातीच्या तीन मापांत. वाचकांनी आपापल्या पेटाऱ्यातले कागद काढून, उंदरांनी सोडलेलं जे असेल ते पाठवावं; शिळा कागदही चालेल, फक्त कुठल्या नटासाठी, कुठल्या प्रसंगासाठी बेतला होता ते मागे लिहा. नमुन्याच्या उजव्या कोपऱ्यात १० सेंटिमीटरची एक रेघ छापली आहे. झेरॉक्स काढलीत तर कात्री लावण्याआधी तिच्यावर पट्टी ठेवून बघा.