समुद्राला मिळालेलं पाणी



बडोद्याच्या मराठी घरांना करजण माहीत असतं ते दोन कारणांनी. एक मियागाम जंक्शन. 1862 साली गायकवाडांनी डभोई ते मियागाम अशी अरुंद रुळांची गाडी सुरू केली, तेव्हा ती ओढायला बैल जुंपत. दुसरं नारेश्वर. मूळच्या कोकणातल्या वळामे घराण्यातले रंगअवधूत महाराज 1925 साली तिथे नर्मदाकाठी येऊन राहिले, आणि तेव्हापासून बडोदेकरांची पावलं तिकडे वळत आली आहेत. दर्शन, प्रसाद, घाटावर पाय बुडवून घटकाभर बसणं, आणि संध्याकाळी घरी. पुढे ही नदी कुठे जाते, याची चौकशी सहसा कोणी करत नाही. यंदाच्या अंकाचा मुख्य विषय नदीमुखं असा ठरला, तो ही चौकशी करावी म्हणून.

करजण तालुक्याच्या दक्षिणेला नर्मदा आहे, उत्तरेच्या बाजूला ढाढर. पिंगळवाड्याजवळ आपली विश्वामित्री ढाढरला मिळते आणि दोघी मिळून खंभातच्या आखाताकडे जातात. म्हणजे बडोदा शहर विश्वामित्रीत जे जे सोडतं, ते करजणच्या काळ्या जमिनीवरून समुद्राला पोचतं. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीने 26 फुटांची धोक्याची खूण ओलांडून 35 फूटही मागे टाकले. अकोट्यात घराच्या छपरावर मगर बसल्याचं छायाचित्र देशभर फिरलं. शहरातलं पाणी ओसरलं तशा बातम्याही ओसरल्या. ते पाणी मग ढाढरकाठच्या गावांकडे गेलं, याची बातमी फारशी कोणाला लागली नाही. नदीकाठची कोतरं (घळी) आणि सखल जागा हेच पुराचं पाणी धरून ठेवत, सावकाश सोडत. त्या आपण भराव टाकून बुजवल्या आणि वर सोसायट्यांना नदीचीच नावं दिली.

नर्मदेचं मुख मात्र मराठी माणसानं पायांनी पाहिलं आहे. नर्मदेची प्रदक्षिणा करणारे परिक्रमावासी दक्षिण तटावरून विमलेश्वर-कठपोरला येतात आणि तिथून होडीने मिठी तलाईला उतरतात. होडी सुटते ती भरतीची वेळ बघून, घड्याळ बघून नाही. ओहोटीला त्या मुखात गाळच गाळ असतो आणि माणूस मांडीपर्यंत रुततो. खंभातच्या आखातात मोठ्या उधाणाला पाणी दहा मीटरच्या वर चढतं. ते नदीत शिरतं आणि गोडं-खारं एक होतं. त्या मचूळ पाण्यात काय चालतं ते होडीतून दिसत नाही.

मुंबईकडे ज्याला पाला म्हणतात तो हिल्सा समुद्रात वाढतो, पण अंडी घालायला त्याला गोडं पाणी लागतं. पावसाळ्यात नदीचा गढूळ लोंढा आखातात उतरला की त्याला वर्दी मिळते आणि तो प्रवाहाविरुद्ध भरुचच्या दिशेने चढू लागतो. नदीतल्या मोठ्या कोळंबीचं नेमकं उलटं. ती राहते गोड्या पाण्यात आणि पिल्लांसाठी खाली मचूळ पाण्यात उतरते. पिल्लं थोडी मोठी झाली की वर येतात. एक चढणारा, एक उतरणारी, आणि दोघांनाही वाट तीच. भरुचकडच्या माछी या मासेमार समाजाची वर्षाची कमाई या वाटेवर अवलंबून आहे.

आता नदीचा हिशेब बघा. 2017 साली नर्मदेवरच्या सरदार सरोवराची दारं बंद झाली, धरण 138.68 मीटरला पोचलं. खालच्या नदीसाठी ठरलेलं पाणी 600 क्युसेक. पुढच्याच उन्हाळ्यात भरुचच्या वरपर्यंत खारं पाणी चढल्याच्या तक्रारी आल्या. आणि सप्टेंबर 2023 मध्ये त्याच धरणातून सुमारे 18 लाख क्युसेक एका झटक्यात सुटले, भरुच-अंकलेश्वर पाण्याखाली गेलं. नदीला एक तर थेंब थेंब, नाही तर सगळं एकदम! असा पाहुणचार शत्रूचाही कोणी करू नये.

खारेपणावर उपाय म्हणून नर्मदेच्या मुखाजवळ भाडभूतला बंधारा घातला जातोय. पायाभरणी 8 ऑक्टोबर 2017 ला झाली. दारं नव्वद, आणि वर गोड्या पाण्याचा मोठा तलाव. भरुचच्या लोकांना गोडं पाणी हवं आहे, यात वाद नाही. पण खारं पाणी वर चढलं ते वरून पाणी कमी आलं म्हणून, आणि औषध दिलं जातंय नदीच्या तोंडाला बूच लावण्याचं. गंगेवर असाच फराक्का बंधारा 1975 साली सुरू झाला. त्याआधी हिल्सा अलाहाबादेपर्यंत चढत असे. नंतर तिथे तो जवळजवळ दिसेनासा झाला. बंधाऱ्यात माशांसाठी वाट ठेवली की झालं, असं सांगणाऱ्यांनी आधी फराक्क्याचा इतिहास वाचावा.

समुद्रात गेलेलं पाणी वाया गेलं, ही समजूत आपल्याकडे शेतकऱ्यापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांची आहे. आमच्या मते ती चुकीची आहे. आखातातली मासळी, किनाऱ्याचा गाळ, भरुचच्या विहिरींची गोडी, हे सगळं त्याच पाण्यावर उभं आहे.

भाडभूतची दारं पावसाळ्यात कधी आणि किती दिवस उघडी ठेवायची, हे ठरवणाऱ्या बैठकीत मच्छीमारांनाही बोलवावं, एवढी मागणी आम्ही या पानावरून करतो. आणि परिक्रमा केलेल्या वाचकांनी कठपोरच्या त्या होडीत काय पाहिलं ते आम्हाला जरूर लिहून कळवावं. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.