विकणार कोणाला?

गेल्या मे महिन्यात मी १३ वर्षं जुनी फियाट पुंटो घेतली. डिझेल, १ लाख ४५ हजार. तेव्हापासून ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, लग्नाच्या पंगतीत, जो भेटतो तो एकच विचारतो: "फियाट? घेतलीस खरी, पण विकणार कोणाला?" गाडी चालते कशी, हे आत्तापर्यंत दोनच माणसांनी विचारलंय. एक आमचे मिस्त्री आणि दुसरी आई. बाकी सगळ्यांना काळजी त्या अनोळखी माणसाची, जो कधीतरी २०३० साली येऊन माझी गाडी बघणार आहे आणि नाक मुरडणार आहे.

मला या प्रश्नाचा राग येतो. तो का येतो, ते सांगतो.

आधी गाडी का घेतली ते. मी मांजरी बुद्रुकला राहतो, ऑफिस खराडीत. केशवनगर, मुंढवा, नदीवरचा पूल, की खराडी. आठ महिने हे अंतर बाइकवर मजेत कापता येतं. उरलेले चार महिने पाऊस असतो. २०२४ च्या जुलैत सोलापूर रस्त्यावर मांजरी फार्मजवळ पाण्याने भरलेला खड्डा मला दिसला नाही. मागे आई बसली होती. मला खरचटण्यावर भागलं, तिचं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लॅस्टर. त्या सहा आठवड्यांत ती मला एकदाही काही बोलली नाही, पण उजव्या हाताने पोळी लाटता येत नाही म्हणून डाव्या हाताने प्रयत्न करताना तिला बघणं हे बोलण्यापेक्षा वाईट होतं. त्यामुळे पुढच्या पावसाआधी डोक्यावर छप्पर असलेलं वाहन घरात हवं, एवढंच ठरलं होतं. मिरवायला नको होतं, लाँग ड्राइव्हला नको होतं. पावसाळ्यापुरतं, खड्ड्यातून जाईल असं आणि ओरखडा पडला तर जीव जळणार नाही असं.

माझ्या वयाच्या, माझ्या पगाराच्या माणसाला अशा वेळी बाजार एकच रस्ता दाखवतो: नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही. मीही हिशेब मांडला होता. १० लाखांचं कर्ज, ९ टक्के व्याज, ७ वर्षं. महिन्याचा हप्ता १६ हजारांच्या थोडा वर. सात वर्षांत बँकेला जाणार साडेतेरा लाख. म्हणजे नुसतं व्याज साडेतीन लाख. त्या व्याजात माझ्या पुंटोसारख्या दोन गाड्या आल्या असत्या आणि टायर बदलायला पैसे उरले असते. हा हिशेब मी टीममधल्या मित्राला दाखवला, तर तो म्हणाला, "पण नव्या गाडीला रिसेल आहे ना!" १० लाखांची गाडी सात वर्षांनी चार-पाच लाखांना जाते, याला आपण 'रिसेल आहे' म्हणतो. १ लाख ४५ हजारांची गाडी उद्या भंगारात गेली तरी माझं नुकसान जास्तीत जास्त १ लाख ४५ हजारांचं, याला मात्र 'रिसेल नाही' म्हणायचं. पाचवीतल्या वजाबाकीचं हे गणित आहे, आणि दिवसभर कोड लिहिणाऱ्या लोकांना ते सुटत नाही.

मामांचा आक्षेप वेगळा होता. "अरे, इटालियन गाडी! पार्ट कुठून आणणार? त्यापेक्षा त्याच वर्षाची डिझेल स्विफ्ट घ्यायची. उभ्या उभ्या विकली जाते."

मामांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, ही इटालियन गाडी रांजणगावची आहे. महागणपतीचं रांजणगाव. आपण अष्टविनायकाला जाताना ज्या एमआयडीसीवरून जातो, तिथेच फियाट आणि टाटांच्या भागीदारीतला कारखाना आहे. २००९ साली तिथून लिनिया आली, त्याच वर्षी पुंटो. मांजरीहून वाघोलीमार्गे नगर रस्त्याला लागलं की तास-सव्वा तासाचं अंतर. इटलीचं म्हणावं तर तिचं रूप, ते जुजारो या डिझायनरच्या हातचं. दुसरी गोष्ट, पुंटोत १२४८ सीसीचं जे १.३ मल्टिजेट इंजिन आहे, तेच मामांच्या लाडक्या डिझेल स्विफ्टमध्ये होतं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटांनी इंडिका व्हिस्टात घालून क्वाड्राजेट म्हटलं. इतक्या गाड्यांत ते बसलं की गाड्यांवर लिहिणारे त्याला गमतीने 'राष्ट्रीय इंजिन' म्हणायचे. इंजिन तेच, बारसं वेगळं. पण स्विफ्टचा बिल्ला असेल तर त्याच वर्षाच्या गाडीला लाख-दीड लाख जास्त मोजायचे. मामा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "ते ठीक आहे, पण विकणार कोणाला?"

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे फियाटप्रेमींचं कीर्तन होईल. असे भक्त भरपूर आहेत आणि मी त्यांच्यातला नाही. फियाटचा बिल्ला भारतातून २०१९ च्या सुमारास गेला. एप्रिल २०२० ला बीएस-६ लागू झालं, तेव्हा ते मल्टिजेटही थांबलं. रांजणगावात आता जीप बनतात. त्यामुळे फिल्टर, क्लच, इंजिनचे भाग मिळतात, पण हेडलाइट, बंपर, आरसा यांसाठी हिंडावं लागतं. माझा डावा आरसा केशवनगरच्या गर्दीत एका रिक्षाने नेला. नाना पेठेत तीन दुकानं फिरलो, नाही मिळाला. जुन्या बाजारात मिळाला, पण उजवा. शेवटी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून एका ओळखीच्याने आणला. याच कुर्ल्यात एकेकाळी प्रीमियर पद्मिनी बनायची, जिला आपल्या आजोबांच्या पिढीने शेवटपर्यंत 'फियाट' म्हटलं आणि जिची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यावरून गेली. तर आरसा लागायला सोळा दिवस गेले. ज्याला सोळा दिवस थांबणं जमत नाही, त्याने पुंटो घेऊ नये. दोन हजार आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, क्लच जड आहे, ट्रॅफिकमध्ये डावा पाय दुखतो. डिझेल आहे, जुनं आहे, धूर सोडते. पर्यावरणाचा मी काही उपकारकर्ता नाही, फक्त पीयूसी वेळेवर काढतो. आणि त्या काळातल्या खालच्या मॉडेलांना एअरबॅग नसायच्या. मी दोन एअरबॅगवाली मिळेपर्यंत दीड महिना थांबलो. स्वस्ताईचं समर्थन करताना आईला बिनएअरबॅगच्या गाडीत बसवायचं, हे मला मान्य नव्हतं.

बघितलेल्या सहा गाड्यांपैकी पाच सोडल्या. एक दिल्ली पासिंगची लिनिया होती, चकाचक. दिल्लीत तेव्हा दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी असल्याने त्या स्वस्तात इकडे यायच्या. पण एनओसी, नवं पासिंग, महाराष्ट्राचा टॅक्स हे सगळं जोडलं की स्वस्ताई संपते. एका पुंटोचा सीट बेल्ट मी शेवटपर्यंत ओढून बघितला, तर आतल्या टोकाला सुकलेल्या चिखलाची रेघ होती. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पाणी शिरलं होतं, आठवतं? त्या पाण्यातून निघालेल्या किती गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या असतील कोण जाणे. विकणारा म्हणत होता, "सर, सिंगल ओनर, डॉक्टरची गाडी." पुण्यातली प्रत्येक जुनी गाडी डॉक्टरची असते.

पण माझं खरं भांडण पार्टचं किंवा मायलेजचं नाही.

'विकणार कोणाला' हा प्रश्न आपण गाडीलाच विचारत नाही. फ्लॅट घेताना तोच. भिंतीला रंग कुठला द्यायचा, तर पुढच्या गिऱ्हाइकाला चालेल असा. नोकरीत काय शिकायचं, तर रेझ्युमेवर विकेल ते. माझ्या ओळखीत एकाला पांढरी गाडी अजिबात आवडत नाही. त्याने पांढरीच घेतली, कारण पांढरी जाते. सात वर्षं तो न आवडणारी गाडी चालवणार, हप्ते भरणार, सीटवरचं प्लॅस्टिक काढणार नाही, आणि मग ती नीट जपून दुसऱ्या कुणाच्या हवाली करणार. राखणदाराला निदान पगार तरी मिळतो.

आणि हप्ता माणसाला गप्प बसवतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या टीममधल्या एकाला गेल्या वर्षी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलवर काढलं. घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, हातात दोन महिन्यांचे पैसे. त्याने तीन आठवड्यांत मिळेल ती नोकरी धरली, तीस टक्के कमी पगारावर. मुलाखतीत एकही प्रश्न विचारला नाही म्हणाला, "विचारायला भीती वाटली रे." नोव्हेंबरमध्ये माझी पाळी आली. हैदराबादला या, नाहीतर बघा. मी 'बघतो' म्हणालो आणि राजीनामा दिला. शूर वगैरे मी नाही, कॉलनंतर पाऊण तास हात थरथरत होते. पण महिन्याला १६ हजार कुणाला द्यायचे नव्हते. गाडीचा वर्षाचा थर्ड पार्टी विमा करासह चार हजारांच्या आसपास, आणि तो भरलेला होता. दोन महिने घरी बसलो, चार ठिकाणी 'नाही' म्हटलं, पाचव्या ठिकाणी पटलं तेव्हा गेलो. आईला दर पंधरवड्याला मनगटाच्या व्यायामासाठी हडपसरला नेत होतो, ते त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा घाई न करता नेलं.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांनी १३ वर्षं जुनी फियाट घ्यायची का? मुळीच नाही. तेवढ्या शिल्लकही नाहीत, आणि भाव वाढले तर माझाच आरसा महागेल. ज्याला नवी गाडी मनापासून हवी आहे, परवडते आहे, त्याने जरूर घ्यावी, लाल घ्यावी, सनरूफवाली घ्यावी. माझं म्हणणं त्यांच्याशी आहे ज्यांना ती नको होती आणि तरी त्यांनी घेतली, कारण शेजारच्याकडे, स्थळ बघायला येणाऱ्याकडे आणि २०३० सालच्या त्या गिऱ्हाइकाकडे तोंड दाखवायचं होतं. मांजरीत आमच्या गल्लीत तीन एसयूव्ही उभ्या असतात. तिन्हींचे मालक रोज बाइकने कामाला जातात, भर पावसातही. गाडीला चिखल लागेल म्हणून.

माझ्या पुंटोचं पासिंग २०२७ ला संपेल. मग फिटनेस तपासणी, ५ हजार फी, ग्रीन टॅक्स, आणि जमलं तर आणखी पाच वर्षं. मिस्त्री म्हणतात, "इंजिन देईल साथ, खालून गंज बघावा लागंल." तेव्हाचं तेव्हा बघू. सध्या डाव्या वायपरचं रबर फाटलंय. ते मात्र कुठल्याही दुकानात मिळतं.