पाठ टेकल्यावरची लढत

आपल्याकडे पाठ मातीला लागली की कुस्ती निकाली. त्यामुळे उताणा पडलेला माणूस जिंकू शकतो, हे आपल्या डोळ्यांना चटकन पटत नाही. ब्राझिलियन जिउ-जित्सूत मात्र खालचा खेळाडू दोन्ही पायांनी वरच्याला जखडतो, ठोसा मारायला अंतर मिळू देत नाही आणि त्याचा हात किंवा मान तावडीत सापडायची वाट बघतो. या पवित्र्याला ‘गार्ड’ म्हणतात. ठोसे, लाथा आणि पकडी सगळंच चालणाऱ्या मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या हेवीवेट गटात या गार्डवर अंतोनियो रोद्रिगो नोगेराइतकं राज्य कुणी केलं नाही, असं माझं ठाम मत आहे.

नोगेरा ब्राझीलच्या बाहिया प्रांतातला, जन्म १९७६चा. लहानपणी अंगावरून ट्रक गेला. चार दिवस तो कोमात होता, नंतर कित्येक महिने इस्पितळात. पाठीवरचा खोल व्रण आयुष्यभर राहिला. हाच मुलगा २००१ मध्ये जपानमधल्या ‘प्राइड’ स्पर्धेचा पहिला हेवीवेट विजेता झाला.

ऑगस्ट २००२ मधली टोकियोतली बॉब सॅपविरुद्धची लढत तर बघायलाच हवी. सॅपचं वजन दीडशे किलोच्या वर, नोगेराचं शंभरच्या आसपास. सुरुवातीलाच सॅपने त्याला उचलून डोक्यावर आपटलं. पुढे कितीतरी वेळ वरून ठोशांचा मारा सुरू होता. नोगेरा खालून पाय फिरवत राहिला, हात शोधत राहिला. दुसऱ्या फेरीत सॅप दमला आणि तो हात सापडला. नोगेराने दंड मांड्यांत अडकवला, मनगट छातीशी धरलं आणि कंबर वर उचलली. कोपर उलटं वाकू लागताच सॅपने हार मानली. पुढच्याच वर्षी मिर्को क्रो कॉपची लाथ डोक्यावर बसून नोगेरा कोसळला, पण फेरी संपल्यामुळे वाचला. दुसऱ्या फेरीत त्याने क्रो कॉपलाही याच डावाने, म्हणजे आर्मबारने, हरवलं. २००८ मध्ये टिम सिल्व्हियाचा गळा आवळून त्याने अमेरिकेतल्या ‘यूएफसी’ स्पर्धेचा हंगामी किताब मिळवला. प्राइड आणि यूएफसी, दोन्हीकडे हेवीवेट किताब मिळवणारा तो पहिलाच.

त्याचे चाहते त्याच्या सहनशक्तीचे गोडवे गातात. मला त्याचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत दिसतं. मार खात असताना त्याचं डोकं शांत राही आणि पुढचा डाव सुचत राही. नुसत्या सोसण्याचा हिशेब शरीराला चुकवावाच लागतो. डिसेंबर २०११ मध्ये फ्रँक मिरला त्याने ठोशांनी जवळजवळ संपवलं होतं. पण तो गळा धरायला गेला, मिर निसटला आणि त्याने नोगेराचा हात पाठीमागे पिळला. नोगेराने हार मानल्याची थाप दिली नाही. दंडाचं हाड मोडलं.

त्या क्षणाला अनेकांनी शौर्य म्हटलं. मला ते पटत नाही. जिउ-जित्सूच्या चटईवर थाप देणं हा पहिला धडा असतो. दोनदा थाप मारली की समोरचा सोडतो आणि दुसऱ्या दिवशी दोघंही धडधाकट शरीराने सरावाला येतात. मोडलेला हात बरा करून नोगेरा परतला, जिंकलाही. पण २०१३ मध्ये फाब्रिसियो वेर्दुमच्या आर्मबारमध्ये सापडल्यावर त्याने तोंडी हार मान्य केली. त्या शब्दाने त्याची कीर्ती तसूभरही कमी झाली नाही. २०१५ मध्ये तो निवृत्त झाला आणि पुढच्या वर्षी यूएफसीच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. त्याच्या ३४ विजयांपैकी २१ प्रतिस्पर्ध्याला हार मानायला लावून मिळवलेले आहेत.

आता आपल्या शहरांतली मुलंही जिउ-जित्सू शिकू लागली आहेत. पालकांनो, प्रशिक्षक निवडताना पदकं जरूर बघा. पण त्याआधी तिथे मुलांना वेळेवर थाप द्यायला शिकवतात का, आणि थाप मिळताच सोडायला शिकवतात का, हे स्वतः बसून बघा. जिथे थाप देणाऱ्याची टिंगल होते, तिथे आपलं मूल पाठवू नका.