दवाखान्याचा दूरध्वनी कोणाच्या हाती?

आमचा जोयडा तालुका विस्ताराने मोठा आणि वस्तीने विरळ. डिग्गीच्या डोंगरापासून कॅसलरॉकपर्यंत दाट अरण्य, आणि त्यात चार-चार घरांच्या वाड्या. अशा मुलुखात रात्री कोणास सर्पदंश झाला, तर घरच्यांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा, की आरोग्य केंद्रात आता कोणी आहे काय, आणि विषावरची लस तेथे शिल्लक आहे काय? अणशी घाट उतरून कारवार गाठावे की दांडेलीची वाट धरावी, हे त्या उत्तरावर ठरते.

इंटरनेटवरून बोलण्याची सोय आरोग्य केंद्रांत आणावी, असे आमचे मत आहे. मात्र ती कशी आणावी, याविषयी आमचा आग्रह आहे. आवाजाचे लहान लहान तुकडे करून ते संगणकांच्या जाळ्यातून पाठवावयाचे, एवढेच तिचे तत्त्व. एका संभाषणास सेकंदाला सुमारे १०० किलोबिट पुरतात. म्हणजे जेथे चलच्चित्र अडखळते, तेथेही बोलणे चालू शकते.

मार्क स्पेन्सर या अमेरिकन विद्यार्थ्यास १९९९ साली आपल्या छोट्या व्यवसायासाठी दूरध्वनी-यंत्रणा विकत घेणे परवडेना. त्याने ती संगणकावर स्वतःच लिहून काढली आणि सर्वांस खुली केली. (तो विद्यार्थी होता, हे आमच्या वर्गबंधूंनी ध्यानात घ्यावे.) ‘ॲस्टरिस्क’ या नावाची ती आज्ञावली साध्या संगणकावर चालते, तिला परवान्याचे मूल्य पडत नाही, आणि घंटा प्रथम डॉक्टरांच्या खोलीत, तेथे कोणी न उचलल्यास त्यांच्या घरी, मग परिचारिकेकडे वाजावी, अशी योजना तिच्यात करता येते. शिवाय ही यंत्रणा दवाखान्यातच असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट तुटले तरी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलणे चालूच राहते. दूरच्या शहरातील भाड्याच्या यंत्रणेवर विसंबल्यास तेवढेही उरत नाही.

यात उणिवा नाहीत काय? आहेत. जुन्या तारेच्या दूरध्वनीस वीज केंद्राकडूनच मिळे; याला मात्र दिवे गेले की मौन येते. सुपा धरणाच्या पाण्यावर वीज होते, तरी आषाढात आमचे दिवे जातातच. म्हणून बॅटरी हवीच. परवलीचा शब्द सोपा ठेवला, तर कोणी चोर परदेशी फोन लावून दवाखान्याच्या माथी बिल मारील. रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकासाठी साधा मोबाइल वा तारेचा फोन जवळ असावा. कारण इंटरनेटचा फोन आपले ठिकाण अचूक सांगेलच असे नाही.

म्हणून यंत्र आणण्यापूर्वी तालुक्यातीलच दोघा-तिघा तरुणांस ते चालविण्यास व दुरुस्त करण्यास शिकवावे. आणि ‘आता फोनवर सल्ला मिळतो’ असे म्हणून कोणी आमच्या केंद्रातील डॉक्टरांची जागा रिकामी ठेवू पाहील, तर त्यास आमचा विरोध राहील. कारण सल्ला तारेतून येतो, परंतु लस टोचावयास तेथे माणूसच लागतो.