आमच्या शिपायांची नावे कोठे आहेत?

आपण मृतास अग्नी देतो. तेव्हा शिपायांच्या दफनभूमीची उठाठेव आपणांस कशास, असे कोल्हापुरातील सुशिक्षित मंडळी सहज बोलून जातात. या बोलण्यात धर्मज्ञान आहे असे बोलणारास वाटते; आमच्या मते त्यात निव्वळ आळस आहे. शिपायांची दफनभूमी ही केवळ प्रेत पुरण्याची जागा नव्हे. आपल्यासाठी मेलेल्यांचा हिशेब राष्ट्राने कसा ठेवला, हे तेथे दगडावर लिहिलेले असते. अमेरिकेतील आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी १८६४ साली, यादवी युद्ध चालू असतानाच निघाली. आणि ज्या पक्षाने गुलामगिरी मोडली, त्याच्याच राज्यात काळ्या शिपायांस तेथे १९४८ पर्यंत निराळ्या भागात पुरले जाई. मरणानंतरही पंक्तिभेद सुटला नाही!

आमच्या शिपायांच्या वाट्यास आलेला पंक्तिभेद याहूनही कठोर होता. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकातील, कूत येथे १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने शरण जावे लागले, आणि पुढे कैदेत कित्येक मेले. या मोहिमेत पडलेल्या, परंतु ज्यांच्या थडग्यांचा ठिकाणा नाही, अशा ४०,००० हून अधिक लोकांचे स्मारक १९२९ साली बसरा येथे उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. साध्या हिंदी शिपायाचे मात्र नाही. पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा, एवढ्यावर त्याची बोळवण झाली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९२७ साली, फ्रान्समध्ये नव्ह शापेल येथे ४,७०० हून अधिक हिंदी मृतांची नावे दगडावर उमटली होती. तेव्हा नावे कोरणे अशक्य होते असे कोणी सांगू नये. युरोपात पाहणारे होते, वाळवंटात नव्हते, एवढाच अर्थ आम्ही काढतो.

ही आमची कुरकुर नव्हे. ज्या आयोगाकडे या स्मारकांची व्यवस्था आहे, त्याच्याच समितीने २०२१ च्या एप्रिलात कबुली दिली की, पहिल्या महायुद्धातील ४५,००० ते ५४,००० मृतांचे, त्यांत बहुतेक आशियाई व आफ्रिकी, स्मरण विषम रीतीने केले गेले, आणि निदान १,१६,००० जणांची नावे कोरलीच गेली नाहीत. या अन्यायाच्या मुळाशी एक समजूत होती: असल्या लोकांस वैयक्तिक स्मारकाचे महत्त्व वाटत नाही. वाचकहो, आरंभी दिलेले आमच्या सुशिक्षितांचे बोलणे पुन्हा वाचून पाहा. साहेबाची सबब आम्ही आमचे तत्त्वज्ञान म्हणून मिरवीत आहो!

आणि ती सबब खोटी आहे. कोल्हापूरजवळच्या बीड गावी जाऊन वीरगळ पाहावेत. खाली रणातला प्रसंग, वर वीरास नेणाऱ्या अप्सरा, त्याही वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळांवर अक्षर नसते, हे आम्ही मान्य करतो. पण दगड त्या वीरासाठी उभा राही, आणि तो कोणाचा हे गाव जाणत असे. प्रेत जाळणाऱ्या समाजाने आठवण जाळली नव्हती.

पुढे मात्र आम्ही सेनापतीवर संतुष्ट राहू लागलो. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीस २४ फेब्रुवारी १६७४ रोजी पडलेले प्रतापराव गुजर पोराटोरांस ठाऊक आहेत. त्यांच्यासवे पडलेल्या सहा जणांची नावे आमच्यापैकी किती जणांस सांगता येतील?

दिल्लीस राष्ट्रीय युद्धस्मारक झाले आहे, आता आणखी काय पाहिजे, असे कोणी म्हणेल. २०१९ साली झालेल्या त्या स्मारकावर पंचवीस हजारांहून अधिक नावे आहेत, ही आनंदाची गोष्ट. परंतु ती स्वातंत्र्यानंतर पडलेल्यांची. कूतचा शिपाई तेथेही नाही. उलट, दुसऱ्या महायुद्धात इटलीत १० जुलै १९४४ रोजी पडलेले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी नाईक यशवंत घाडगे यांचे थडगे कोठे नसले, तरी कॅसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. थडगे नसले तरी नाव राहू शकते, याला याहून मोठा पुरावा कोणता?

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. कोल्हापुरास आणखी एक अश्वारूढ पुतळा नको. ज्या गावातून माणूस पलटणीत गेला आणि परतला नाही, त्या गावच्या चावडीपुढे एक साधा काळा दगड उभारावा, आणि त्यावर त्याचे, त्याच्या बापाचे व आईचे नाव लिहावे. पलटणींच्या नोंदी, पेन्शनीचे कागद आणि म्हाताऱ्यांच्या आठवणी यांतून ही नावे जुळवावयाची आहेत. दगडाचा खर्च गावजेवणाहून अधिक नाही. साहेबाने आमच्या माणसाचा आकडा केला, तो त्याचा अपराध. शंभर वर्षांनंतरही आम्ही तो आकडाच राहू दिला, तर अपराध आमचा ठरेल.